जंगलातला न्हावी

लेकानं कमांडोतल्या दिवसांचं पुस्तक लिहिलं. मी ओळीखाली बोट धरून सगळं वाचत गेले. साप खाल्ला म्हणे. घरी कारलं पानात टाकायचा. पण मला एकच शोधायचं होतं, बाप गेला तेव्हा हा होता कुठं?

तेव्हा थेट तेराव्याला उगवला होता, डोकं भादरून. सगळ्या भावकीसमोर मी म्हणाले होते, "एसटी स्टँडवर उरकून आलास होय?" तो टोपी चढवून पंगतीत वाढायला लागला. त्याला बारा वर्षं झाली.

ते शेवटी सापडलं. 'जागेचं नाव सांगता येत नाही. वडील गेल्याचं वायरलेसवर कळलं, पण परतायची सोय नव्हती. दहाव्या दिवशी जोडीदारानं ओढ्याकाठी सुऱ्यानं माझे केस काढले. शत्रू जवळ होता, म्हणून तोंडात रुमाल कोंबून रडलो.'

पुस्तक मिटून मी परसात गेले. लेक लाकडं फोडत होता.

"तो न्हावी कोण रे तुझा?"

"नाव सांगता येत नाही, आये."

"नाव कुणाला पाहिजे? त्याला जेवायला काय आवडतं ते सांग. आणि कधी येतो ते."