एका माणसापुरतं कोयनेल

"कुनाला सांगितलं तर कुनी इस्वास ठिवायचं न्हाई," अर्जुना धनगर म्हणाला, "पर डाक्तर सोता खुर्चीवरनं उठला!"

हरणाबाईनं घोंगडीतून नुसते डोळे बाहेर काढले. भर दुपारचं ऊन रणरणत होतं आणि ती बाभळीखाली दोन घोंगड्या पांघरून थडथडत होती.

माणदेशात पाणी आटलं की नवरा-बायको मेंढरं घेऊन पलूसच्या शिवारात उतरायची. ऊस निघालेल्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्या रानाला, दाणे धनगराला, असा बोलीचा व्यवहार. उसाला पाटाचं पाणी होतं, पाण्यावर डास होते, त्यामुळं दाण्यांच्या जोडीला हिवतापही पदरात पडे, तो मात्र बोलीत नसायचा. आज हरणाबाईची पाळी, उद्या अर्जुनाची. मेंढरं राखायचं काम वाटून घ्यावं तसा तापसुद्धा दोघांनी दिवसाआड वाटून घेतला होता.

"उठला?" हरणाबाईचे दात वाजले.

"उठला म्हंजी? फडक्यानं खुर्ची पुसली आन म्हनला, बसा पावनं. म्या म्हनलं, सायेब, माज्या धोतराला लेंड्या लागल्यात. त्यो म्हनला, असूंद्या, कंपौंडर झाडंल की!"

घोंगडी हलली. थंडीनं की हसण्यानं, ते अर्जुनाला कळलं नाही. हसण्यानंच, असं त्यानं धरलं आणि पुढं रेटलं.

"मंग इचारलं, मालकिनीचं नाव काय?"

"आन तुमी घेतलं?" ती कोपरावर उठली. लग्न झाल्यापासून 'आगं'च्या पलीकडं या माणसानं तिला हाक मारली नव्हती. "चार मानसांत?"

"हरनाबाई म्हनलं. चांगलं मोट्यानं."

ती परत आडवी झाली आणि तिनं घोंगडी तोंडावर ओढून घेतली. अंगात ताप असो नसो, नवऱ्यानं चारचौघांत नाव घेतलं म्हटल्यावर बाईनं एवढं तरी करायलाच हवं.

अर्जुनाला बरं वाटलं. खरं घडलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतंच. दवाखान्याची पायरीसुद्धा त्याच्या पायाला लागली नव्हती. गाव विचारून खिडकीतूनच कंपौंडर बोलला होता, तोही वाईट नव्हे, नुसता दमलेला: लढाईपायी हिवतापावरचं कोयनेल मिळत नाही, आहे ते इथल्यांनाच पुरत नाही, तुम्हाला कुठलं देऊ? पुढच्या माणसाला वाट करून देत अर्जुना बाजूला झाला होता.

येताना तो बनुबाईच्या दारात थांबला. रान तिचं, ऊस तिचा, आणि पलटणीतला मुलगा सुट्टीवर येताना गोळ्यांची डबी घेऊन आलेला. तिची सूनही तापानं आतल्या सोप्यात पडलेली. बनुबाईनं डबीत पाहिलं, सुनेकडं पाहिलं, मग कागदात गोळ्या बांधून दिल्या.

"एका मानसापुरत्या हायत बग. वाटून खाऊ नगासा. अर्दं अर्दं घेतलं तर कुनाचाच ताप जायचा न्हाई."

"वरल्या रानात बी मेंढरं बसवतो, वैनी. दान्याबिगार."

"ते बगू मागनं. हरनाला उठव आदी."

आता अर्जुनानं पटक्याच्या शेवातली पुडी सोडली. "घे. डाक्तरनं खास तुज्यासाटनं दिलीया."

"आन तुमचं?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. वाटेत मैलभर त्यानं त्याचीच तयारी केली होती.

"माजं? आगं, डाक्तरनं सोताच्या हातानं माज्या तोंडात गोळी टाकली! कडू लागतंय म्हनून वर च्या पाजला, साकरंचा! आता कान नुसतं गुनगुनाय लागल्यात."

कोयनेल घेतलं की कानात भुंगे शिरतात, दिवसभर बारीक आवाज ऐकू येत नाही, हे धनगराच्या पोरालासुद्धा माहीत. म्हणून अर्जुनानं कानावर हात ठेवला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"जरा पानी द्या," हरणाबाई म्हणाली.

"आँ?"

"पानी!"

"मोट्यानं बोल की गं!" तो असा ओरडला, की जाळीतल्या मेंढरांनी माना वर केल्या.

शेवटी खुणेनं मागितल्यावर त्यानं तांब्या दिला. हरणाबाईनं एक गोळी तळहातावर घेतली. थरथरत्या हातावर ती गोळी नाचत होती. अर्जुना श्वास धरून बघत राहिला. एकदा का ती घशाखाली उतरली, की त्याचं काम झालं. उद्याचा ताप उद्या बघता येईल. तो काय, नेहमीचाच पाहुणा.

तांब्या ओठांपर्यंत गेला आणि थांबला. हरणाबाईनं तोंड पलीकडं फिरवलं आणि जवळच्या गवताला विचारावं इतक्या हळू विचारलं,

"गाव कंचं सांगितलंसा वं?"

"त्येच तर झालं न्हवं! गावच इचारलं मुडद्यानं. आन हितं आपलं गाव..."

बोलता बोलता अर्जुना थांबला. कानावरचा हात तिथंच राहिला.

हरणाबाईनं तांब्या खाली ठेवला. गोळी पुन्हा कागदात गेली आणि कागद तिच्या मुठीत. मग ती उठून बसली, दोन्ही घोंगड्या खांद्यावरून खाली ढकलल्या, आणि अख्ख्या रानाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"खोटं! धादांत खोटं! कान धडधाकट हायत तुमचं!"