गुहेच्या दाराशी

“आजी असती ना, तर तिने आजोबांना कधीच बाहेर काढलं असतं,” नेत्रा म्हणाली.

“आजी असती तर दार बंद कशाला झालं असतं?” आसावरी म्हणाली.

मायलेकी बंद दाराबाहेर पॅसेजमध्ये बसल्या होत्या. आत मनोहर पलंगाच्या कडेला बसून सगळं ऐकत होते. त्यांची बायको मीनाक्षी गेली तेव्हा इथे नोव्हाय गावात बर्फ होतं. आता समोरच्या अंगणात ट्युलिप आलेत, असं नेत्रा दाराच्या फटीतून सांगून गेली होती. मनोहरांनी पडदा उघडून पाहिलं नव्हतं. दाराशी ठेवलेलं ताट आत घ्यायचं, अर्धं खाऊन बाहेर ठेवायचं, एवढंच चाललं होतं. या खोलीत मीनाक्षी एकाच जागी नव्हती, पलंगाच्या डाव्या बाजूला. बाहेर ती प्रत्येक ठिकाणी नव्हती.

उद्या आसावरीला सांता क्लाराला आपल्या घरी परत जायचं होतं. ऑफिसने आणखी सुट्टी द्यायला नकार दिला होता.

“बाबा, शेवटचं विचारते. तुम्ही जेवायला टेबलवर येणार नसाल तर मी तिकीट कॅन्सल करते. जॉब गेला तर गेला.”

तिने जावं असं मनोहरांना मनापासून वाटत होतं. पण पाय उचलत नव्हते.

“मॉम, स्टॉप! तू सारखी रिक्वेस्ट करतेस, तेच राँग आहे,” नेत्रा म्हणाली. “माझ्या गेममध्ये सेम लेव्हल आहे. अमातेरासू म्हणजे जपानची सूर्यदेवी. ती खूप सॅड होऊन गुहेत जाऊन बसते. दगड लावून घेते. सगळीकडे अंधार. तिथे नॉक केलं की पॉइंट्स जातात. विनवण्या केल्या तरी जातात.”

“मग करायचं काय?”

“बाहेर पार्टी करायची. एक देवी टबवर चढून नाचते, बाकीचे देव खो खो हसतात. मग अमातेरासूला वाटतं, मी नाही तरी हे हसतायत कसे? ती दार थोडं उघडते. बस! हात धरून बाहेर ओढायची.”

“आपल्याकडे वर्षभर सण करत नाहीत गं, आणि तू पार्टी म्हणतेस.”

“पार्टी नाही, फक्त हसायचं.”

आत मनोहरांना थोडी गंमत वाटली. त्यांची जन्मभराची नोकरी मोटारींच्या कंपनीत गेली होती. यंत्र कसं चालतं ते आधी कळलं, की त्याची जादू उरत नाही. या युक्तीचंही तेच झालं होतं. हसा म्हणावं किती हसायचं ते.

बाहेर काहीतरी पालथं घातल्याचा आवाज आला. कपड्यांची बास्केट असावी. नेत्रा तिच्यावर चढली, दोनदा पाय आपटून धाडकन खाली आली. आसावरी “हाहाहा” म्हणाली. ते हसणं नव्हतं, वाचून दाखवणं होतं.

“मॉम, असं कोणी हसतं का? काहीतरी फनी सांग ना. आजीचं सांग.”

आईबद्दल बोलायला आसावरीला तसा वेळच झाला नव्हता. दवाखान्याचे कागद, भटजींना फोन, आल्यागेल्यांचा चहा, सगळं तिनेच पाहिलं होतं. डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. पोरगी खंबीर आहे, आईवर गेली आहे, असं मनोहरांना तेव्हा वाटलं होतं.

“मी लहान होते,” आसावरी सांगू लागली. “बाबांना कंपनीने टेस्टिंगसाठी एक काळी गाडी दिली होती. आई म्हणाली, काळा पत्रा, काय छान तापतो! तिने डिकीवर प्लास्टिक पसरलं आणि पापड वाळत घातले.”

कुरडया, मनोहर मनात म्हणाले. पापड नव्हते. पण ते जागचे हलले नाहीत.

“आणि बाबा न बघताच गाडीत बसून ऑफिसला गेले!”

“नो वे!”

“अगं, पूर्ण रस्ताभर सडा! गेटवरचा गार्ड उरलेला एक उचलून विचारतोय, सर, हा कुठला पार्ट? बाबा लालबुंद. ऑफिसमधून घरी फोन केला, आईवर ओरडले, ओरडले. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली...”

आसावरी हसत होती. आता खरंच हसत होती. नेत्राही खिदळत होती. “काय म्हणाली? सांग ना!”

“म्हणाली, ‘ते राहू दे. वाळल्या का?’”

ते शेवटचे शब्द आसावरीने आईच्या आवाजात काढले. अगदी तसेच, थोडे नाकातून. त्यानंतर हसण्याचा आवाज वर चढला, चढतच गेला आणि मध्येच फाटला. मनोहरांना आधी कळेना हे काय झालं. मग कळलं. चार महिन्यांचं दाबून धरलेलं रडणं घर भरून टाकत होतं.

“मॉम? मॉम, काय झालं?” नेत्रा घाबरली होती.

आपण दार कधी उघडलं ते मनोहरांच्या लक्षातही आलं नाही. आसावरी गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडत होती. ते भिंतीला धरून खाली बसले. तिचं डोकं त्यांनी खांद्यावर घेतलं, ती शाळेत जायच्या वयाची असताना घ्यायचे तसं.

“रड, बाळा. कुरडया होत्या त्या.”

नेत्राने दोघांकडे पाहिलं. तिने डोळे पुसले आणि हळूच आजोबांची बाही धरली.

“आजोबा, इट वर्क्ड! तुम्ही बाहेर आलात.”

मनोहर मुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

“मी नाही गं,” ते म्हणाले. “तुझी आई बाहेर आली.”