दहांतलं एक

तपासनिसाने हर्षदाच्या तान्ह्या मुलीच्या वाकड्या कण्यावरून बोट फिरवलं. “नदी नियमात आहे, ताई.”

आधी नदीतले वाकडे मासे मोजत; ते संपल्यापासून खाणीतून पाण्यात उतरणाऱ्या विषारी सेलेनियमची मर्यादा काठावरच्या बाळांवरून ठरत होती. दहांत एक वाकडं चालायचं. दुसरं निघालं की वरची खाण बंद.

“आणि माझी मुलगी?”

“तीही नियमातच.”

तो गेल्यावर शेजारची गर्भार वैजू दारात टेकली. “वाईट वाटतं हो, वहिनी. पण या दहांतलं एक होऊन गेलं, माझा जीव भांड्यात पडला. घोटभर पाणी द्या.”

हर्षदाने टँकरच्या पाण्याचा माठ तसाच झाकलेला ठेवला. नदीचा हंडा कलता करून तिने तांब्या काठोकाठ भरला.

“रोज येत जा गं,” ती म्हणाली.