खाणीचं नाव

ऑस्ट्रेलियात, पिलबरातली जी लाल टेकडी वाचवायला नोरीनची आई मरेपर्यंत खाण कंपनीशी भांडली, तिथेच खाण काढायला आदिवासी वस्तीची परवानगी मागायची म्हणून कंपनीचे साहेब आले होते. लोकांना खूश करायला त्यांनी जाहीर केलं, "खाणीला नोरीनच्या आईचंच नाव देऊ!" आणि ते नाव मोठ्याने घेतलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

वस्तीतले वडीलधारे अल्बीमामा उठले. "घोळ केलात, साहेब. सुतक फिटेपर्यंत गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात घेत नाहीत. आता तिचं नाव लागलेल्या या खाणीचा विषयच आम्हाला काढता येणार नाही."

"मग सुतक फिटतं कधी?"

"तिची लेक म्हणेल तेव्हा."

आई गेल्यापासून नोरीन पहिल्यांदाच हसली. "मला अजून पुष्कळ रडायचंय, साहेब."