तिसरा घास

फुलेसरीनं आतून कडी लावली आणि अंगणात बिंदेश्वरनं श्वास रोखला.

दिवसभर पाण्याचा थेंबही न घेता तिनं नव्या चुलीवर, आंब्याच्या लाकडांवर गुळाची खीर शिजवली होती, पोळ्या भाजल्या होत्या. छठी मैयाला नैवेद्य दाखवून आता ती एकटी जेवायला बसली होती. छठच्या व्रताची ही दुसरी संध्याकाळ, खरन्याची; तिचं हे एकच जेवण. यानंतर परवाचा सूर्य उगवेपर्यंत पाणीसुद्धा नाही. आणि जेवताना कुणाची हाक, कुत्र्याचं भुंकणं, काहीही कानावर पडलं, की हातातला घास शेवटचा. ताट सरकवून उठायचं.

गेल्या वर्षी ती दुसऱ्या घासालाच उठली होती. शेजारच्या जगदेवची म्हैस नेमकी तेव्हा रेकली. शेवटच्या दिवशी पहाटे अर्घ्य द्यायला नदीत उभी असताना फुलेसरी भोवळ येऊन पाण्यात कोसळली. बिंदेश्वरनं भर घाटावर जगदेवला फैलावर घेतलं. "मुद्दाम रेकवलीस तू तिला!"

"म्हशीला पंचांग कळतं होय रे?" जगदेवनं उलट विचारलं.

झालं. त्या दिवसापासून दोघांचा अबोला.

यंदा तर फुलेसरी दोन महिन्यांच्या तापातून नुकतीच उठलेली. "या साली सुनेला करू दे," असं बिंदेश्वरनं म्हणून पाहिलं होतं. "मैया मला ओळखते. सुनेची अजून ओळख व्हायचीय," म्हणून तिनं त्याला गप्प केलं. आज दोनच घास पोटात गेले, तर ती परवाची पहाट कशी बघणार, या विचारानं त्याची झोप उडाली होती.

म्हणून त्यानं सकाळपासून कंबर कसली. सून आणि नातवंडं घाट झाडायला पिटाळली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. मोबाईल गोधडीत गुंडाळून कणगीत टाकला. गल्लीतली कुत्री पोळीचा तुकडा दाखवत पार शाळेपलीकडे नेऊन सोडली. राहिली ती एक म्हैस. तिच्यासाठी जगदेवशी बोलावं लागणार होतं. तो दोनदा मधल्या भिंतीपर्यंत गेला आणि दोनदा नुसता खाकरून परत आला. आता दार लागल्यावर बोलायची सोयच उरली नव्हती, आणि दिवेलागण म्हणजे नेमकी धारेची, म्हशीच्या रेकण्याची वेळ. आपल्या ताठ्यापायी बायको उपाशी उठणार, हे त्याला आत्ता उमगलं आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

आत बांगड्या किणकिणल्या. एक घास. त्यानं एक बोट उघडलं. पुन्हा बांगड्या. दोन.

तो चवड्यांवर चालत भिंतीपाशी गेला आणि डोकं वर काढलं.

पलीकडे जगदेव गोठ्यात उभा होता. दुधाची बादली पालथी पडली होती. रेडकाचं दावं सोडलेलं, आणि ते ढुशा देत देत सगळी धार एकटंच पीत होतं. म्हैस डोळे मिटून स्वस्थ उभी होती. संध्याकाळचं अख्खं दूध जगदेवनं रेडकाला देऊन टाकलं होतं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

जगदेवची नजर वर गेली. त्यानं पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेली आणि भुवया उडवल्या. जेवतेय ना?

अबोल्यात खाणाखुणा चालतात की नाही, बिंदेश्वरला ठाऊक नव्हतं. मागे बांगड्या वाजल्या. त्यानं भिंतीवरून तीन बोटं दाखवली.

जगदेवनं आभाळाकडे बघून हात जोडले.

मग चार. पाच. सहाव्याला रेडकू पोट भरून बाजूला झालं आणि म्हशीनं मान वर केली. जगदेवनं झेप घेऊन म्हशीच्या गळ्याला मिठीच मारली आणि रुसलेल्या विहीणबाईंची मनधरणी करावी तसा तो तिला गळ्याखाली खाजवत राहिला. म्हशीनं एक सुस्कारा टाकून मान खाली घातली. दोघांना हसू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून बिंदेश्वरनं खांद्यावरचा गमछा दातांत धरला. सात. आठ.

दहा झाले आणि बिंदेश्वरची बोटं संपली. आत पुन्हा बांगड्या वाजल्या. दोन्ही पंजे पसरून तो बावळटासारखा जगदेवकडे बघत राहिला आणि मानेनंच दाराकडे खुणावू लागला. जगदेवच्या ध्यानात आलं. एक हात म्हशीच्या गळ्यात तसाच ठेवून त्यानं दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. अकरा.

मग बिंदेश्वर मान हलवी आणि जगदेव बोट वाढवी. बारा. तेरा. बिंदेश्वरच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

चौदानंतर आत पाण्याचे घुटके ऐकू आले, सावकाश, तांब्या रिकामा होईपर्यंत. मग कडी निघाली.

फुलेसरी दारात आली. तिच्या तोंडावर तजेला होता. दोन महिन्यांत बिंदेश्वरनं तो पाहिला नव्हता.

"पोटभर जेवले हो," ती म्हणाली. "इतकं निवांत कित्येक वर्षांत जेवले नव्हते. कुठं खुट्ट म्हणून नाही." मग भिंतीकडे बघत तिनं विचारलं, "जगदेवभाऊजी गावात नाहीत वाटतं?"

"आहे की," बिंदेश्वर नाक ओढत म्हणाला. "इतका वेळ त्याच्याशीच तर बोलत होतो."