नंदीच्या कानात

पारनेरजवळच्या महादेवाच्या सात काळ्या दगडी देवळांत मी सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, घेऊन दुपारी गेले. त्या आजारातून उठल्या, म्हणून माझ्या नवऱ्याचा नवस फेडायचा होता.

“मोने, सात देवळं बांधली, पन टेकायला एक ओटा न्हाई बांधला!” त्या म्हणाल्या. मी हसले.

चैत्रात त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा मी इथे एकटी आले होते. शेवटच्या देवळातल्या नंदीचा एक कान तळहाताने झाकून दुसऱ्यात सांगितलं, ‘आत्यांना यातून सोडव.’

नाही. खरं लिहिते. ‘त्यांना लवकर ने, मी दमले,’ असं सांगितलं होतं. हे अजून कुणालाही ठाऊक नाही.

शेवटच्या देवळात सासूबाई त्याच नंदीपाशी गेल्या.

“काय मागणार, आत्या?”

“आता काय मागायचं? लई दिलं त्यानं.”

तरी त्या वाकल्या. पण नंदीच्या कानाशी तोंड नेलं नाही. आपलाच कान त्याच्या तोंडाला लावला.

“आत्या, उलटं झालं. त्याच्या कानात सांगायचं असतं.”

त्यांनी हातानेच मला गप्प केलं आणि आपला दुसरा कान तळहाताने झाकला. कुणाचं ऐकताना हलवतात तशी मान हलवली. देवळात आम्ही दोघीच होतो.

“व्हय,” त्या दगडाला हळूच म्हणाल्या. “लई दमली हाय पोर.”

मला मान वर करवेना.

“मग कवा निघू?” असं विचारून त्यांनी कान आणखी घट्ट लावला.