रबराचा सांधा

"शाळेत पाणी शिरलंय. कोणी ऐकतंय का? ओव्हर."

सेटमधून गौतमचा आवाज आला आणि त्याच्या आईने, शेवंतीने, पदर तोंडाशी धरला. गावात कालपासून मोबाइल लागत नव्हता. गौतम तिथल्या नदीकाठच्या शाळेत मास्तर. हॅम रेडिओचं लायसन त्याच्याकडे होतं, आणि इथे नायगावच्या चाळीत त्याच्या बहिणीकडे, संघमित्राकडे. दोघांनी आपापले सेट सुटे भाग जोडून स्वतःच बनवलेले; गौतमचा शाळेतच असायचा.

"गौतम, मी ऐकतेय रे! ओव्हर," संघमित्रा माइकमध्ये ओरडली.

"कोणी ऐकतंय का?" त्याने पुन्हा विचारलं.

तिचा आवाज पोचतच नव्हता. वाऱ्याने गच्चीवरची एरियलची तार लोंबली होती, त्यामुळे सेट तारेशी नव्याने जुळवायला हवा होता. तिने जुळवणीचं बटण फिरवलं. ते नुसतंच गरगर फिरलं. तिने झाकण काढलं. आतल्या कपॅसिटरचा दांडा बटणाच्या दांड्याला तिने जुन्या पेनाच्या नळीने जोडला होता. नळी उभी तडकली होती.

"पाणी वाढतंय," गौतम सांगत होता. "बाबा, पोरं, म्हातारी माणसं, सगळी इथेच आहेत. मी नदीवरचा साकव बघून येतो. धड असला तर एकेकाला पलीकडे नेतो. ओव्हर."

संघमित्राने तालुक्याच्या कंट्रोल रूमला फोन लावला.

"साकवाकडे कोणी जाऊ नका," पलीकडचा माणूस घाईत म्हणाला. "धरणाचं पाणी सोडलंय. गच्चीवर चढा म्हणावं. बोट निघालीय."

म्हणावं. कसं म्हणावं?

सेट बंद ठेवून तिने आतला दांडा बोटांनी फिरवून पाहिला. मीटरचा काटा हलत नव्हता, त्यामुळे अंदाज लागेना. मग माइकचं बटण दाबून, चालू सेटमध्येच हात घातला. चटका बसला. कातडी जळाल्याचा वास आला. बोटाच्या टोकाला पांढरा डाग पडला होता.

"बाय, काय करतेस!"

"प्लास्टिक नाहीतर रबर पाहिजे, आई. दोन दांडे जोडायला."

स्वयंपाकाच्या ओट्याखाली गॅसची जुनी नळी पडली होती. तिने ती सुरीने कापली. रबराच्या आत तारेची जाळी निघाली. ही चालणार नव्हती. त्या तारेतूनच करंट बटणापर्यंत आला असता. तिने नळी भिरकावली. कंगवा जाड होता. रिफिल बारीक.

शेवंती उठली. कपाटातून बीपीचं मशीन काढलं, त्याची रबरी नळी उपटली आणि विळीवर तिचा तुकडा केला.

"हे बघ बसतंय का."

नळी दांड्यावर चढेना. संघमित्राने थुंकी लावली आणि दाबली. चढली. दुसऱ्या दांड्यावरही चढली. शेवंतीने गोधडीचा दोरा घेऊन दोन्हीकडे करकचून गाठी मारल्या.

बटण फिरवलं की रबर आधी पिळवटायचं, मग आतला दांडा झटका देऊन सरकायचा. तिने श्वास रोखून थोडं पुढे नेलं, थोडं मागे आणलं. मीटरचा काटा वर चढला.

"गौतम, साकवाकडे जाऊ नको! धरणाचं पाणी येतंय. सगळ्यांना गच्चीवर चढव. बोट निघालीय. ऐकतोयस का? ओव्हर."

नुसती खरखर. ती तेच पुन्हा बोलली.

खट् असं वाजलं आणि म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. तिच्या वडिलांचा, बुधाजींचा.

"मित्रा, मी ऐकलं. गौतम आत्ताच खाली गेला. थांब, हाक मारतो त्याला."

गौतमने आपल्या माइकला घरातल्या दिव्याचं बटण बसवलं होतं, एकदा दाबलं की तसंच राहणारं. बुधाजींनी ते बंद केलंच नाही. तिकडचा माइक चालूच राहिला. आता इकडून काही सांगता येणार नव्हतं, फक्त ऐकता येत होतं.

पाणी ऐकू येत होतं. एक पोर रडत होतं. बाई कुणाला तरी सांगत होती, पिशवी सोड, पिशवी सोड. मग लांबून बुधाजींचा आवाज, फाटलेला. "गौतम! माघारी फिर! ए गौतम!"

शेवंतीने लेकीचा दंड घट्ट पकडला.

मग असा आवाज झाला की सेटच्या स्पीकरमध्ये तो मावला नाही. नुसती घरघर झाली. त्यामागोमाग खूप माणसं एकदम ओरडली, आणि त्यात बुधाजींचा आवाज ओळखू येईना.

दोघी हलल्या नाहीत.

शेवटी माइकजवळ कोणीतरी धापा टाकताना ऐकू आलं.

"ताई, साकव गेला." तो थांबला. "मी मधोमध होतो. बाबांनी हाक मारली म्हणून वळलो. आता सगळे वर चढतोय. सेट नेता येत नाही. आईला सांग."

खट् वाजलं. मग फक्त खरखर.

संध्याकाळी कंट्रोल रूममधून फोन आला. बोट पोचली होती. शाळेतली सगळी माणसं सुखरूप होती. संघमित्रा रडली, मग डोळे पुसून सेट बंद करायला वळली.

शेवंतीने तिचा हात धरला. "राहू दे."

"त्याचा सेट पाण्यात गेलाय, आई. आता त्यातून कोणी बोलणार नाही."

"ठाऊक आहे मला," शेवंती म्हणाली, आणि स्टूल ओढून स्पीकरच्या आणखी जवळ बसली.